येळवशीच्या आदल्या रात्रीचे भोपळे

पत्र: ताई, निलंगा तालुक्यातलं आमचं गाव. दरवर्षी येळवशीला (वेळ अमावस्येला) पुण्या-मुंबईचे दीर-जावा, नणंदा, लेकरं मिळून चोवीस जण आदल्या दिवशी संध्याकाळीच घरी येतात. त्या रात्रीचं जेवण यंदा माझ्याकडं आलंय. मला लाल भोपळ्याच्या आकाराचे छोटे पाव करून ताटात वाढायचेत. मागच्या रविवारी करून बघितले. व्हिडिओतलं पीठ तासाभरात दुप्पट झालं, माझं चार तास हललंच नाही आणि मग रात्री एकदम फुगलं. दोरा बांधून भोपळे केले तर दोरा रुतला, काही फाटले, बाकीचे पसरून एकमेकांना चिकटले. उरलेले फ्रिजमध्ये ठेवले, सकाळी दगड. ते बघून आत्याबाई म्हणाल्या, “पाव पायानं तुडवितेत म्हणं, अन् तू येळवशीच्या घरात करायलीस?” करू का सोडून देऊ? – एक सून

ताई,

सोडून देऊ नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तुमच्या हाताची चूक मला फारशी दिसली नाही. थंडी दिसली, ओलं झालेलं पीठ दिसलं आणि आवळून बांधलेला दोरा दिसला. तिन्हींवर इलाज आहे.

आधी आत्याबाईंचं बोलू, कारण तुमचा खरा प्रश्न तिथेच अडकला आहे असं मला वाटतं.

लातूर-धाराशिवकडची नसलेली वाचक मंडळी हे वाचत असतील, त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडं सगळं घर शेतात जाऊन जेवतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी म्हणजे छोटी खोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, आणि भज्जी (ओल्या दाण्यांची मिसळ भाजी), आंबील, उंडे, खीर, तिळाच्या पोळ्या. हीच वेळ अमावस्या, आमच्या तोंडची येळवस. पण हे सगळं शेतात पोचायच्या आधी एक रात्र जागावी लागते. तुरीच्या, हरभऱ्याच्या, वालाच्या शेंगा सोलायच्या, चिंच कोळायची, भाज्या निवडायच्या, खिरीचे गहू, पोळ्यांचं सारण. आमच्या घरी त्या रात्री एकही शेगडी मोकळी नसायची, अंगणातली चूलसुद्धा नाही. आणि त्याच रात्री वीस-पंचवीस माणसं गाडीतून उतरतात, हातपाय धुतात आणि भुकेली असतात. शंभर पोळ्या लाटायच्या कोणी आणि भाजायच्या कुठल्या तव्यावर? माझ्या आईला त्या रात्री बसून जेवलेलं मी पाहिलं नाही.

म्हणून मला तुमचा बेत आवडला. तुमचे पाव दुपारीच भाजून होतील आणि रात्री एक शेगडीसुद्धा अडवणार नाहीत. आत्याबाईंना हेच सांगा. “येळवशीच्या ताटात मी काही घालत नाही, तो स्वयंपाक तुमचाच. आदल्या रात्रीच्या शंभर पोळ्या मात्र मी वाचवते.” भोपळ्याचा आकार छान दिसतो हे कारण त्यांना पटणार नाही. “रात्री दहाला तुम्ही आमच्याबरोबर पंगतीला बसाल,” हे पटेल.

पायानं तुडवण्याचं म्हणाल तर ते मीही लहानपणी ऐकलं आहे. पाव या शब्दामुळं ते आणखीच खरं वाटतं. पण तो शब्द पायावरून आलेला नाही. पोर्तुगीज लोक ब्रेडला ‘पांव’ म्हणतात. 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला, त्यांच्याबरोबर हा प्रकार आणि त्याचं नाव इकडं आलं. यीस्ट मिळत नसे तेव्हा ताडा-माडाच्या ताडीनं पीठ फुगवत. आणि आंबवून फुगवलेली रोटी तर मराठवाड्याला मुळीच परकी नाही, छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया सगळ्यांना ठाऊक आहे. पण हे सगळं आत्याबाईंना ऐकवायच्या भानगडीत पडू नका. परात त्यांच्यासमोर ठेवा आणि हातानं मळा. डोळ्यांनी बघितल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

आता तुमच्या पिठाकडं येते.

यीस्ट हा जिवंत जीव आहे. तो पिठातली साखर खातो, वायू सोडतो, आणि मळून तयार झालेल्या चिवट जाळीत तो वायू अडकला की गोळा फुगतो. त्याला ऊब लागते. पंचवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअसला तो बरा चालतो. पंधरा-सोळाला रेंगाळतो. व्हिडिओ कुणी मे महिन्यात केला असेल, तर कुणी तापवलेल्या घरात. आपल्याकडं डिसेंबरात परभणीचा पारा दहाच्या खाली उतरतो, लातूरकडंही पहाटे हात गारठतात, आणि आपली स्वयंपाकघरं उन्हाळा डोळ्यांपुढं ठेवून बांधलेली, फरशी थंडगार. तुमचं पीठ मेलं नव्हतं. ते गारठलं होतं. रात्री घरात माणसं आली, शेगड्या पेटल्या, घर उबलं आणि ते जागं झालं. तोवर तुम्ही थकला होतात, पीठ हवं त्याच्या पुढं गेलं होतं, आणि पुढं गेलेल्या पिठाची जाळी ढिली पडते. त्याला कितीही सुबक वळण द्या, ते भट्टीत पसरतं.

आत्याबाई आंबील करताना ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवतात ना, थंडीत त्या काय करतात ते आठवा. मडकं उबेच्या कोपऱ्यात सरकवतात, वरून फडकं गुंडाळतात, आणि सकाळी झाकण उघडून वास घेतात, वर आलेले बुडबुडे बघतात. घड्याळ बघत नाहीत. तुमच्या पावाला नेमकं हेच लागतं. तुमच्या घरात हे ज्ञान चाळीस-पन्नास वर्षांचं आहे. पीठ आलं की नाही हे आत्याबाईंनाच विचारा. त्यांना ते तुमच्या-माझ्याआधी कळेल.

उबेबद्दल एक सावधगिरी सांगते, ती मी एकदा भोगली आहे. दिवाळीत पाहुण्यांसाठी पीठ भिजवलं आणि लवकर यावं म्हणून पातेलं चुलीला टेकवून ठेवलं. चुलीकडची बाजू तापून आंबूस झाली, चिकट झाली, मधला गोळा थंडच. सगळं फेकावं लागलं आणि त्या दिवशी पाहुण्यांना साधी खिचडी वाढली. ऊब चारी बाजूंनी सारखी हवी. ओटीजी, म्हणजे घरची विजेची छोटी भट्टी, बंद ठेवून तळाशी कढत पाण्याचं पातेलं आणि वर पिठाचं भांडं, दार लावून घ्या, एवढं पुरतं. भट्टी मोकळी नसेल तेव्हा कपाटाचा रिकामा कप्पाही चालतो. पाणी निवलं की बदला.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. पिठात भोपळ्याचा गर घातला होता का, ते तुम्ही लिहिलं नाही, पण भोपळ्याच्या आकाराचे पाव म्हटलं की बहुतेक जण घालतात. मीही घालते. रंग सुंदर येतो आणि गरानं पाव जास्त वेळ मऊ राहतो. पण भोपळा म्हणजे दहातले नऊ भाग पाणीच. उकडून तसाच कुस्करला आणि वर व्हिडिओतलं दूध जसंच्या तसं ओतलं, तर पीठ पळीवाढं होतं. आकाराच्या पावाला नेहमीच्या पावापेक्षा घट्ट पीठ हवं. पोळीच्या कणकेपेक्षा मऊ, पण परातीला न चिकटणारं. भोपळा वाफवा, शिजताना पाण्यात बुडवू नका. मग चाळणीत अर्धा तास निथळू द्या, आणि तरीही ओला वाटला तर कढईत दोन मिनिटं परतून कोरडा करा.

मैद्याच्या पुडीवर दर शंभर ग्रॅमला प्रथिनं किती ते छापलेलं असतं. दहा-अकरा असतील तो मैदा घ्या. आठ-नऊवाल्या मैद्याची बिस्किटं चांगली होतात, भोपळ्याच्या फोडी मात्र उठून दिसत नाहीत. घरची कणीक मिसळायची तर चौथ्या भागाच्या पुढं जाऊ नका. कणीक पाणी जास्त पिते आणि पाव जड करते.

एका घाण्याचं माप असं. मैदा 500 ग्रॅम, निथळलेला गर 150 ग्रॅम, कोमट दूध 150 मिली आणि लागलंच तर आणखी 30, साखर 40 ग्रॅम, दुधाची पावडर 20 ग्रॅम, मीठ 9 ग्रॅम, लोणी 50 ग्रॅम. बाजारचं खारं बटर असेल तर मीठ 8 वर आणा. इन्स्टंट यीस्ट त्याच दिवशी भाजायचे असतील तर 7 ग्रॅम, रात्रभर ठेवायचं असेल तर 5. यातून पन्नास-पन्नास ग्रॅमचे अठरा पाव होतात. चोवीस माणसांना दोन-दोन धरले, लेकरांचे थोडे वर, तर तीन घाणे करा, चोपन्न होतील. वजनाचा काटा नसेल तर जावेचा, शेजारणीचा मागून आणा, पण अंदाजानं करू नका. एक पाव चाळीसचा आणि दुसरा सत्तरचा असला तर एक करपतो आणि दुसरा आत कच्चा राहतो.

यीस्टची पुडी जुनी असेल तर आधी तपासा. अर्धी वाटी कोमट पाणी, चिमूटभर साखर, अर्धा चमचा यीस्ट. दहा मिनिटांत फेस आला नाही तर ती पुडी टाकून द्या. पाणी बोटाला सुखावेल एवढंच, पस्तीस ते चाळीस अंश. कढत पाण्यात यीस्ट मरतं, आणि थंडीत आपण नेमकं पाणी जास्त तापवून बसतो. उघडलेली पुडी घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये.

लोणी सोडून सगळं आधी मळा. पीठ गोळा झालं की लोणी थोडं थोडं घाला. सुरुवातीला चिकचिक होईल. त्या वेळी वरून मैदा टाकायचा मोह होतो, टाकू नका. दहा-बारा मिनिटं मळत राहिलं की ते स्वतःच परात सोडतं. सुपारीएवढा तुकडा दोन्ही हातांनी हळू ताणून बघा. फाटण्याआधी पलीकडचं बोट धूसर दिसण्याइतका पातळ पडदा झाला की थांबा. आकार टिकायला हा पडदाच लागतो, त्यामुळं इथं कंटाळा करू नका. हात दुखले तर परात आत्याबाईंच्या पुढं सरकवा. ज्वारीच्या भाकरीचं पीठ रोज तळहातानं रगडणाऱ्या बाईला मळायचं काय ते शिकवावं लागत नाही.

मला तुम्हाला सर्वांत मनापासून सांगायचं आहे ते हे, की पीठ भाजायच्या आदल्या रात्री भिजवा आणि रात्रभर गार ठेवा. थंडीनं तुमचा घात केला, तीच थंडी इथं कामाला लावा. गार पीठ घट्ट असतं. त्याचे गोळे गुळगुळीत वळतात, बोटाला चिकटत नाहीत, दिलेलं वळण धरून ठेवतात. चवही रात्रीतून चांगली होते. उबदार, लिबलिबीत पिठाचे भोपळे करणं कुणालाच सोपं नाही, तुम्ही ते अशाच पिठाचे करायला बसला होतात.

तर, समजा पाहुणे गुरुवारी संध्याकाळी येणार. बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर तिन्ही घाणे भिजवा. अर्धा-पाऊण तास उबेला ठेवून किंचित फुगलेलं दिसलं की तेल लावलेल्या डब्यांत घालून झाकण लावा आणि फ्रिजमध्ये. डबा पिठाच्या दुप्पट मोठा हवा. त्या दिवशी तुमच्या फ्रिजमध्ये दूध, ताक, सोललेले दाणे, सगळंच कोंबलेलं असणार, हे मला माहीत आहे. एखादा घाणा मावला नाही तर थंड खोलीतल्या फरशीवर झाकून ठेवला तरी चालेल, फक्त त्यात यीस्ट फ्रिजमधल्या घाण्यापेक्षा बरंच कमी घाला आणि सकाळी सगळ्यात आधी तोच वळायला घ्या.

गुरुवारी अकराला पहिला घाणा, बाराला दुसरा, एकला तिसरा बाहेर काढा. सगळे एकदम काढले तर शेवटचा घाणा भट्टीची वाट बघत फुगून बसेल, आणि तुमचे रविवारचे अर्धे भोपळे याच कारणानं पसरले असावेत. तीस लिटरच्या ओटीजीत ट्रेवर नऊच पाव सुटसुटीत बसतात. घाण्याला दोन खेपा, एकूण सहा. चारच्या सुमाराला तुम्ही मोकळ्या व्हाल. लाईट कधी जाते ते आदल्या दिवशी गावात विचारून ठेवा. ओटीजी दीड-दोन हजार वॅट ओढतो, घरातला साधा इन्व्हर्टर त्याला पुरत नाही. ट्रे तयार असताना लाईट गेलीच तर ट्रे तसाच फ्रिजमध्ये सरकवा, तासभर निभावतं.

भोपळ्याला आता. पन्नास ग्रॅमचा गोळा तळहाताखाली फिरवून घट्ट, तुकतुकीत करा. सांधा खाली. हातभर लांबीचे चार दोरे तेलात बुडवून निपटून घ्या, एकमेकांवर चांदणीसारखे ठेवा, मध्यावर गोळा ठेवा आणि समोरासमोरची टोकं उचलून वर गाठ मारा. आठ फोडी पडतात. गाठ इतकी सैल की दोरा आणि पीठ यांच्यात करंगळीचं टोक जाईल. तुम्ही बांधताना आकार दिसावा म्हणून दोरा आवळलात. पण गोळा अजून फुगायचा होता, फुगताना त्यालाच दोरा कापत गेला. बांधताना भोपळा भोपळ्यासारखा दिसत नाही, आणि बघून धीर सुटतो. सोडू नका. फोडी भट्टीत पडतात.

बांधून झाले की उबेत तास-सव्वा तास. मैदा लावलेल्या बोटानं कडेला हलकेच दाबून बघा. खळगा झटकन भरला तर अजून वेळ आहे. सावकाश अर्धाच भरला तर झालं. भरलाच नाही तर उशीर झाला. साध्या पावाला मी खळगा अर्धा भरेपर्यंत थांबते, आकाराच्या पावाला त्याच्या जरासं आधीच भट्टीत घालते. उरलेला फुगवा भट्टीत येतो आणि फोडी ठसठशीत राहतात. वरून ब्रशनं दूध लावा. अंड्याची गरज नाही, दुधात चिमूटभर साखर विरघळवली की रंग छान येतो. ओटीजी आधी पंधरा मिनिटं तापवा, 180 अंशावर अठरा ते वीस मिनिटं, मधला कप्पा. उलटा करून बुडाला टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा. बाहेर काढल्या-काढल्या लोणी किंवा साजूक तूप फिरवा.

दोरा पाव कोमट झाल्यावर काढायचा. गरम असताना ओढला तर साल निघते, पूर्ण गार झाल्यावर तो चिकटून बसतो. गाठीजवळ कात्रीनं कापा आणि खाचेतून हळू ओढा. चोपन्न भोपळे म्हणजे दोनशे सोळा दोरे. घरात लेकरं आहेत, म्हणून प्रत्येक पावाचे चार दोरे मोजून बाजूला ठेवायचे, यात हयगय नको. खरं तर एवढ्यासाठीच मी म्हणेन की चोपन्नच्या चोपन्न भोपळे करू नका. एक घाणा भोपळ्याचा करा, लेकरांना आणि पाहुण्यांना बघायला. देठाच्या जागी दालचिनीचा लहान तुकडा खोचा, भाजल्यानंतर.

बाकी दोन घाण्यांची कणसं करा. ज्वारीची कणसं, जोंधळ्याची. येळवशीला शेतात हीच उभी असतात आणि तुमच्या पुण्याच्या भाचरांनी कदाचित ती ताटात आल्यावरच नीट पाहिलेली असतील. करायलाही भोपळ्यापेक्षा कितीतरी सोपी. गोळा दहा मिनिटं झाकून ठेवा, मग चार इंची गाजरासारखा वळा, एक टोक निमुळतं, दुसरं गोलसर भरलेलं. ट्रेवर फुगू द्या. फुगल्यानंतर दूध लावा, पांढरे तीळ दाट पेरा, आणि मग कात्रीचं टोक तिरपं धरून निमुळत्या टोकाकडून सुरुवात करत रांगेनं टच टच कापत जा, अर्ध्या बोटाच्या पेराइतकं खोल, पुढच्या रांगेचे काप मागच्या दोन कापांच्या मध्ये. कात्री दर चार कापांनी पाण्यात बुडवा. हे काप भट्टीत घालायच्या क्षणीच द्यायचे. आधी दिले तर फुगताना मिटून जातात. भाजल्यावर दाणे उभे राहतात आणि प्रत्येकावर तीळ. सीमेपलीकडं कर्नाटकात याच अमावस्येला एळ्ळ अमावस्या म्हणतात, आणि कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. तेव्हा तीळ घातलेल्या पावाला येळवशीच्या घरात परकं कोण म्हणेल?

लेकरांना हाताशी घेणार असाल तर कात्रीचं काम मोठ्यांना द्या, तीळ पेरायचं लहानांना. दोनच आकार ठेवा. मासे, फुलं, वेण्या, सगळंच एका दुपारी करायला गेलं की बारीक टोकं करपतात आणि जाड भाग कच्चा राहतो. एका ट्रेत एकच आकार. आणि पांडव पिठाचे करून भाजायची कल्पना कुणी सुचवली तर नाही म्हणा. ज्यांना उद्या कोपीत नमस्कार करायचा ते आज ताटात नकोत. आत्याबाईंना तर ते लागेलच, मलाही लागेल.

चोपन्न पाव घरच्या भट्टीत होत नाहीत असं वाटलं तर एक दुसरी वाट आहे. दिवाळीत आपण नानकटाईचे ट्रे गावातल्या बेकरीत भाजायला नेतो, तसं बेकरीवाल्याला आधी विचारून ठेवा. त्याच्या मोठ्या भट्टीत चोपन्न एकदम होतात. ती तुमच्या ओटीजीपेक्षा जास्त तापलेली असते, म्हणून त्याचे पाव निघाल्यावर, भट्टी थोडी उतरल्यावर आपले घालायला सांगा, आणि समोर थांबा. नेताना ट्रे फ्रिजमधून काढल्याबरोबर न्या, म्हणजे रस्त्यात धक्क्यानं बसणार नाहीत.

आता तुमचा ‘दगड’. पाव शिळा होतो तो नुसता वाळल्यामुळं नाही. पिठातला स्टार्च थंडीत पुन्हा घट्ट बसतो, आणि फ्रिजच्या गारव्यात तर हे सगळ्यात लवकर होतं. म्हणून भाजलेला पाव फ्रिजमध्ये ठेवायचाच नाही. पूर्ण गार झाले की धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. दुपारी केलेले रात्री मऊच असतात, दुसऱ्या दिवशी सकाळीही असतील. वाढायच्या आधी पाण्याचा हात फिरवून ओटीजीत 150 अंशावर पाच मिनिटं, नाहीतर झाकण ठेवून मंद तव्यावर. गरम झाले की पुन्हा कालच्यासारखे होतात. रविवारचे दगड टाकून दिले नसतील तर तेही वाफ देऊन बघा.

बरोबर काय करायचं ते तुम्ही विचारलं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी करा, जरा दाटसर, भरपूर लसूण घालून. दुसऱ्या दिवशीच्या भज्जीसाठी दाणे सोलणं चालूच असतं, त्यातलेच दोन वाट्या जास्त. एका मोठ्या पातेल्यात एकदाच होते, पाव तिच्यात बुडवून खाता येतो, आणि बाजूला शेंगदाण्याचा ठेचा. लहानांना तूप-गूळ. पनीरची ग्रेव्ही वगैरे घालू नका. भोपळ्याचा पाव किंचित गोडसर असतो, त्याला लसणाची, मिरचीची चव हवी.

येळवशीच्या आधी एक रविवार आहे ना हातात? एकच घाणा करा, अर्धा भोपळ्यांचा, अर्धा कणसांचा. शनिवारी रात्री पीठ झाकून ठेवलं की आत्याबाईंना सांगा, सकाळी उठल्यावर तुमच्या आंबिलीबरोबर माझंही बघा. त्या डब्याचं झाकण उघडून वास घेतील आणि काहीतरी म्हणतील. काय म्हणाल्या ते मला कळवा.

आणि दोरा सुती, पांढरा, बिनमेणाचा घ्या. गोधडी शिवायचा जाड दोरा चांगला. रंगीत दोऱ्याचा रंग पावाला लागतो, आणि पॉलिस्टरचा दोरा भट्टीत अजिबात घालू नका.